एकोणिसावी डिस्क

बारक्याचं वय चव्वेचाळीस आणि वजन ब्याण्णव किलो, पण ताईने एकदा ठेवलेलं नाव काही केल्या सुटलं नाही. ती त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी. तिने त्याला चालायला शिकवलं, अक्षरं शिकवली, आणि पुढे याच इस्पितळात आपल्या हाताखाली घेऊन कॉम्प्युटरच्या कमांडही शिकवल्या. त्यामुळे घरातला बारक्या कामावरही बारक्याच राहिला. नव्याने आलेल्या डॉक्टरांना वाटायचं, हे त्याचं आडनावच असावं.

इस्पितळ कानांचं होतं. लहान मुलांच्या ऐकण्याच्या चाचण्या, कानात बसवलेली यंत्रं, त्या यंत्रांची एकेका मुलासाठी महिनोन्‌महिने खपून केलेली जुळणी, हे सगळं तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत, कपाटाएवढ्या एका स्टोरेजमध्ये साठवलेलं असे. दोघं बहीणभाऊ त्याला पेटी म्हणत. पेटीतली जागा एकसंध, पण तिचे सेहेचाळीस वाटे पाडलेले. एकेक वाटा म्हणजे एकेक व्हर्च्युअल डिस्क. हातात धरता येईल असं त्यात काही नाही, पण सर्व्हरला मात्र ती आपली खरीखुरी डिस्क वाटते. आणि प्रत्येक डिस्कच्या दारावर एक यादी, कोणत्या सर्व्हरने आत यायचं त्याची. यादीत नाव असेल तो आत जातो. बाकीच्यांना ती डिस्क दिसतसुद्धा नाही.

सर्व्हरांची बारशीही ताईनेच केली होती. कानांचं इस्पितळ, म्हणून नावं गाणाऱ्या पक्ष्यांची. जुना सर्व्हर बुलबुल आणि नवी आलेली कोकिळा. तिसरा एक सर्व्हर बाहेरच्या कंपनीने चाचण्यांसाठी आणून ठेवला होता, तो मात्र पहिल्या दिवसापासून तिच्या डोक्यात गेला. दर अर्ध्या तासाने तो पेटीभर नजर फिरवायचा, आणि जी डिस्क उघडी दिसेल ती आपलीच समजून तिच्या माथ्यावर स्वतःचा शिक्का मारून मोकळा व्हायचा. आधी तिथे काय होतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. त्याचं नाव तिने कावळा ठेवलं.

त्या रविवारचं काम म्हटलं तर सरळ होतं. बुलबुल थकला होता, त्याला सुट्टी द्यायची. सेहेचाळीस डिस्कांच्या सेहेचाळीस याद्यांमधून त्याचं नाव काढायचं आणि कोकिळेचं तेवढं राहू द्यायचं. दुपारी दोनपर्यंत इस्पितळाचे सगळे कॉम्प्युटर बंद ठेवायची परवानगी मिळाली होती; कावळा मात्र कंपनीचा, तो चालूच राहणार होता. बटणं, चित्रं असलं काही लाड या जुन्या पेटीकडे नव्हते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, आणि एकेका डिस्कसाठी एकेक ओळ टाइप करायची.

पेटीत एक खोड होती. ओळीच्या शेवटी सर्व्हरचं नाव दिलं तर तेवढंच नाव यादीतून जायचं. नाव द्यायचं राहिलं तर पेटी सगळी यादीच पुसायची, आणि नक्की का, म्हणून विचारायचीसुद्धा नाही. बरं, यादी पुसली गेली म्हणजे दार बंद झालं असंही नाही. या पेटीच्या हिशेबाने यादी नाही म्हणजे राखण नाही, कुणीही यावं.

अकरा वर्षांपूर्वी ताईच्या हातून नेमकं हेच झालं होतं. आठवड्याभराच्या चाचण्या गेल्या. एकतीस मुलांच्या घरी तिने स्वतः फोन केले, प्रत्येक आईला सांगितलं, चूक माझी आहे, मुलाला पुन्हा आणावं लागेल. त्यानंतर तिने नियम घातला. एकाने टाइप करायचं आणि हात कळांवरून उचलायचे. दुसऱ्याने पडद्यावरची ओळ मोठ्याने वाचायची, मग म्हणायचं, “दाब.” त्याशिवाय एंटर दाबायचं नाही. टाइप करणाऱ्याने वाचायचं नाही, कारण ज्याने लिहिलं त्याला आपलं लिहिलेलं बरोबरच दिसतं, असं ती म्हणे. बारक्या टाइप करायचा आणि ताई वाचायची. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं, आणि अकरा वर्षांत एक डिस्क इकडची तिकडे झाली नव्हती.

सोमवारी खात्याच्या मोठ्या मॅडम कोकिळेची देखभाल करायला तिच्या टेबलाशी दोन माणसं नेमणार होत्या. रविवारचा अहवाल वाचून त्या ठरवतील असं त्यांनी स्पष्टच सांगितलं होतं. ताईने त्या आठवड्यात बारक्याला हे निदान चार वेळा ऐकवलं होतं. “तुझं आणि माझं नाव. त्या टेबलाशी दुसरं कुणी बसलेलं मला खपणार नाही.” हट्ट हा शब्द तिच्यासाठी थोडा कमीच पडायचा.

सकाळी नऊला दोघं पेटीच्या खोलीतल्या काचेअलीकडच्या टेबलाशी बसली. ताईने कोपरांना ठिगळं लावलेला आपला जुना स्वेटर चढवला, खुर्ची जराशी तिरकी करून घेतली आणि मान कलती केली. गेले काही महिने ती अशीच बसायची. मान अवघडली असेल म्हणून बारक्याने तिला एक चांगली उशीही आणून दिली होती. तिने ती कौतुकाने घेतली आणि खुर्चीवर ठेवून तिच्यावर बसायला सुरुवात केली.

“रिमूव्ह अॅक्सेस. डिस्क एक. होस्ट बुलबुल. दाब.”

बारक्या दाबायचा. मग यादी मागवायचा. यादीत एकच ओळ उरलेली दिसायची, कोकिळा, आणि पुढे तिचा लांबलचक क्रमांक. पुढची डिस्क. ताईचा आवाज सुरेख होता, वाचताना एकेक शब्द वेगळा काढून ठेवायची. दहा डिस्क झाल्या, पंधरा झाल्या. बारक्याला त्या आवाजाची इतकी सवय होती की त्याने पडद्याकडे बघणंच सोडलं होतं. नियमच तसा होता.

एकोणिसाव्या डिस्कला त्याचा मोबाइल थरथरला. बायकोचा मेसेज होता, वन्संना विचारा, जेवायला खाली येणार ना. ताई त्यांच्याच घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहायची. आदली ओळ परत आणून तिच्यातलं शेवटचं नाव खोडायचं, अठरा खोडून एकोणीस करायचं आणि नाव पुन्हा लिहायचं, असं त्याचं चाललं होतं. एकोणीस लिहून त्याने मेसेज वाचला, ‘हो’ असं परस्पर उत्तर पाठवलं आणि हात उचलले.

“रिमूव्ह अॅक्सेस. डिस्क एकोणीस. होस्ट बुलबुल. दाब.”

त्याने दाबलं आणि यादी मागवली. पडद्यावर एकही नाव नव्हतं.

“ताई.”

“काय रे?”

“यादी रिकामी आहे.”

“रिकामी कशी असेल? मी बुलबुल वाचलं ना.”

बारक्याने वरची ओळ पाहिली. डिस्क एकोणीस, आणि पुढे काही नाही. काळा पडदा नुसता. तिथे नसलेलं नाव ताईने खणखणीत आवाजात वाचलं होतं.

“तू बरोबर वाचलंस,” तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच नीट कळेना. “लिहिलेलंच चूक होतं.”

ताईने विचारलं, “किती वाजले?”

भिंतीवरचं घड्याळ तिच्या बरोबर समोर होतं. ताटाएवढं.

“दहा सत्तावीस.”

“म्हणजे तीन मिनिटांत कावळा येईल. एकोणीस म्हणजे यंत्रांची जुळणी, हो ना?”

होती जुळणीच. दोनशे बारा मुलांची. कुठल्या मुलाला किती मोठा आवाज सोसतो, कुठला टोचतो, कुठला त्याला मुळीच ऐकू येत नाही, हे त्या मुलांच्या चेहऱ्यांकडे बघून बघून थोडं थोडं नोंदवलेलं. शेवटची राखीव प्रत शुक्रवारची. शनिवारी दिवसभर जुळणीच्या बाया बसल्या होत्या, ते सगळं या एकाच जागी होतं. बारक्याच्या पाचावर धारण बसली. यादीत कोकिळेचं नाव परत घालायला तिचा सोळा अक्षरांचा क्रमांक लागतो. आधीच्या डिस्कची यादी मागवून तो त्यातून उचलता आला असता, दुसऱ्या कुठल्याही दिवशी हे त्याला झोपेतही सुचलं असतं. त्या क्षणी मात्र तो टेबलाचे खण उघडून छापील कागद शोधायला लागला.

“खण बंद कर,” ताई म्हणाली. “कळांवर हात ठेव. मी सांगते.”

आणि तिने सांगायला सुरुवात केली. अॅड अॅक्सेस, डिस्क एकोणीस. मग क्रमांक. पाच, शून्य, शून्य, एक, चार, तीन, आठ, शून्य. एकेक अक्षर सावकाश, जणू पुढच्या तीन मिनिटांत काहीच घडणार नव्हतं. बारक्याची बोटं तिच्या आवाजामागून जात राहिली.

“झालं? आता वाच.”

“मी?”

“मग कोण वाचणार? पडद्यावर आहे ते वाच. घाई करू नकोस.”

तो वाचायला लागला. शेवटी शेवटी तिने थांबवलं. “परत म्हण ते.”

“डी, सात, दोन.”

“सी, सात, दोन. डी नाही. बदल.”

त्याने बदललं आणि पुन्हा सगळं वाचलं. ती म्हणाली दाब, त्याने दाबलं. यादी मागवली. एक ओळ आली, कोकिळा. घड्याळात दहा एकोणतीस. मिनिटभराने काचेपलीकडे कावळ्याचा हिरवा दिवा भराभर लुकलुकला आणि थांबला. बारक्याने एकोणीस नंबरची डिस्क तपासली. माथ्यावर कुणाचा शिक्का नव्हता, दोनशे बारा मुलं जागच्या जागी होती. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

मग त्याने वरची ती नाव नसलेली ओळ पुन्हा एकदा पाहिली.

बारक्या सहा वर्षांचा असताना ताई त्याला रोज संध्याकाळी वाचायला बसवायची. वाचायचा त्याला भारी कंटाळा, पण कान तल्लख. तिने एकदा वाचून दाखवलेला धडा तो तोंडपाठ करायचा आणि पुस्तकावर बोट फिरवत घडाघडा म्हणून दाखवायचा. एके दिवशी तिने मध्येच दोन पानं उलटली. बारक्याचं बोट नव्या पानावरून फिरत राहिलं आणि तोंडातून जुनाच धडा येत राहिला. ताई रागावली नाही, हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने त्याला पहिल्या अक्षरापासून परत शिकवलं. म्हणून असलं वाचणं ओळखण्यात बारक्याची चूक होणं शक्य नव्हतं. परवाच बायको म्हणाली होती, वन्सं पेल्यात बोट बुडवून पाणी ओततात, किती भरलं ते बोटाला कळावं म्हणून. तो म्हणाला होता, अगं, असेल सवय.

आपण किती मठ्ठ आहोत याचं त्याला नवल वाटलं, आणि लाजही वाटली.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

ताईने उगीच स्वेटरची बाही खाली ओढली. नाही म्हणायचं तिच्या मनात येऊन गेलं, ते त्याला दिसलं. मग ती म्हणाली, “आठ महिने. दोन्ही डोळ्यांना. बरोबर मध्ये एक डाग आहे. जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसतो. कडेकडेचं दिसतं. दार दिसतं, खुर्ची दिसते. कुठे आपटत नाही मी.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले कडा राहतील. मधलं परत येणार नाही.”

“आणि मी?” बारक्याने विचारलं. “मी दिसतो का तुला?”

तिने मान कलती केली, मघापासून बसली होती तशी, आणि त्याच्याकडे बघितलं. “कान दिसतात तुझे. तोंड दिसत नाही. तसं फार नुकसान नाही म्हणा.”

बारक्याला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. ब्याण्णव किलोचा माणूस चष्मा काढून बाहीने डोळे पुसत बसला. ताईला ते दिसलं नसणार, पण तिने अंदाजाने हात पुढे केला. तो आधी त्याच्या खांद्याला लागला, मग गालाला. तिने तो तिथेच ठेवला.

“सांगितलं का नाहीस?”

“काय सांगू? घरी बसवशील. तुझी बायको चांगली आहे, ती मला चहा हातात आणून देईल. मी दिवसभर वरच्या खोलीत बसून खाली कोण आलं कोण गेलं ते ऐकत राहीन.” तिने हात काढून घेतला. “मला या खोलीत यायचंय बारक्या. या पेटीतली एकूण एक डिस्क मला माहीत आहे. मला वाटलं, पाठच तर आहे सगळं. पाठ असलेलं म्हणायला डोळे कशाला लागतात?”

तिने पडद्याच्या दिशेने हात केला. “नियम मी घातला, आणि मीच तुला आज एकोणीस वेळा न बघता दाब म्हटलं. मला भीती वाटायची. रोज वाटायची. तरी म्हणत होते.”

बारक्याला तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. दोनशे बारा मुलं काही गंमत नव्हती. पण ज्या बाईने एकतीस घरी फोन करून चूक माझी आहे म्हणून सांगितलं, तीच बाई आठ महिने रोज अशी भीत इथे येऊन बसत होती, आणि तो शेजारी बसून तिच्यासाठी उशी शोधत होता. राग फार टिकला नाही.

“सत्तावीस राहिल्यात,” तो म्हणाला.

“मोठ्या मॅडमना फोन कर. दुसरं कुणी पाठवतील वाचायला.”

“नको. ऊठ.”

“का?”

“ऊठ म्हटलं ना. माझ्या खुर्चीत बस.”

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती उठली, टेबलाच्या कडेला हात लावत या बाजूला आली आणि बसली. बारक्या तिच्या तिरक्या खुर्चीत बसला, त्याने खुर्ची सरळ केली आणि पडद्याजवळ ओढली. ताईने कळांवर हात ठेवले. दोन कळांवर बोटांना लागतील असे बारीक उंचवटे असतात, ते तिने चाचपले आणि बाकीची बोटं आपोआप आपापल्या जागी गेली. तिची टाइप करायची पद्धत बारक्या विसरला होता. पूर्वी तीच टाइप करायची. कळांना नुसता स्पर्श केल्यासारखी, आवाज न करता. तो मात्र कळा ठोकायचा.

“वाच,” ती म्हणाली.

“रिमूव्ह अॅक्सेस डिस्क वीस होस्ट...”

“शाळेतली कविता म्हणतोयस का? एकेक शब्द वेगळा. आणि बघून.”

“बघूनच वाचतोय.”

“मला कसं कळणार? ऐकू आलं पाहिजे बघतोयस ते.”

बारक्याने ओळीवर बोट ठेवलं, पडद्याच्या काचेवर, अगदी सहा वर्षांचा असताना ठेवायचा तसं. “रिमूव्ह अॅक्सेस. डिस्क वीस. होस्ट बुलबुल. दाब.”

तिने दाबलं. “यादी?”

“कोकिळा. एकटीच.”

“हं. पुढे.”

एकवीस झाली, बावीस झाली. तिसाव्या डिस्कपर्यंत त्यांचा ठेका जमला. आधी बारक्याच्या आवाजात थोडी धाकधूक होती, ती गेली. आता तो एकेक अक्षर खरंच बघत होता, आणि त्याच्या लक्षात आलं की अकरा वर्षांत आपण या ओळी कधी नीट वाचल्याच नव्हत्या, आपण नुसती ताई ऐकत होतो. चौतिसाव्या डिस्कला तो म्हणाला, “थांब. तेहेतीसच परत टाकलंस.”

ताईचे हात हवेत थांबले. “खरंच?”

“खरंच. तीन, तीन.”

तिने खोडून चौतीस केलं. वाईट वाटलं असेल असं त्याला वाटलं, म्हणून त्याने तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. कितीतरी महिन्यांत न दिसलेलं. “बघतोयस म्हणायचं,” ती म्हणाली.

पावणेबाराला सेहेचाळिसावी डिस्क झाली. बुलबुलचं नाव आता कुठल्याच यादीत नव्हतं. बारक्याने सगळ्या याद्या पहिल्यापासून एकदा तपासल्या. आधीच्या अठरा तर त्याने दोनदा बघितल्या, त्या बरोबर निघाल्या. त्याने दोन कप चहा केला. कप तिच्या हाताजवळ ठेवताना त्याचा तळ टेबलावर मुद्दाम टेकवून आवाज केला, म्हणजे कुठे आहे ते तिला कळेल. तिला ते कळलं, आणि त्याने मुद्दाम केलं हेही कळलं. तिने कप उचलला.

“आता अहवाल,” ती म्हणाली. “मी सांगते, तू लिही.”

बारक्याने कळफलक आपल्याकडे ओढून अहवालाचा फॉर्म उघडला. एक ते अठरा, काही विशेष नाही. मग एकोणीस.

ताईने सरळ बसून सांगितलं, “डिस्क एकोणीस. टाइप करताना सर्व्हरचं नाव राहिलं. वाचणारीने पडदा न बघता ओळ वाचली, कारण तिला पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत. दोन मिनिटांत यादी पूर्ववत केली. नुकसान नाही.”

बारक्याचे हात कळांवर तसेच राहिले. उद्या मोठ्या मॅडम हे वाचतील. वाचलं की दोन नावांतलं एक नाव गेलंच. मग ताईची खुर्ची रिकामी, आणि वरच्या खोलीत ती, खाली कोण आलं कोण गेलं ते ऐकत. तो टाइप करायला लागला. कळा ठोकत, बराच वेळ.

“झालं? वाच.”

तो वाचायला लागला. “डिस्क एकोणीस. टाइप करताना सर्व्हरचं नाव राहिलं. वाचणारीने पडदा न बघता ओळ वाचली, कारण तिला...” त्याने वाक्य पुरं केलं. “नुकसान नाही.”

ताईने चहाचा घोट घेतला. कप खाली ठेवला.

“मी सांगितलं ते एवढं लांब नव्हतं,” ती म्हणाली. “किती वेळ कळा वाजत होत्या. आता पडद्यावर आहे ते वाच.”

बारक्याने खोडायच्या कळेकडे हात नेला आणि मागे घेतला.

“वाच ना.”

“डिस्क एकोणीस,” तो हळू आवाजात वाचू लागला. “टाइप करणाऱ्याने कामाच्या वेळी मोबाइल पाहिला, त्यामुळे सर्व्हरचं नाव राहिलं. वाचणारीने थांबायला सांगितलं असताना त्याने ऐकलं नाही आणि एंटर दाबलं. सगळी चूक टाइप करणाऱ्याची. वाचणारीच्या प्रसंगावधानामुळे नुकसान टळलं.”

ताईने विचारलं, “मोबाइल पाहिला होतास?”

“हो.”

“मेसेज कुणाचा होता?”

“तुझ्या भावजयीचा. तू जेवायला येतेस का विचारत होती.”

“मग मोबाइलचं राहू दे, ते खरं आहे. बाकीचं पूस.”

“ताई, त्या तुला बसू देणार नाहीत.”

“नाही देणार कदाचित.” तिचा आवाज जरासा हलला, आणि तिने तो तसाच हलू दिला. “मला फार वाईट वाटेल बारक्या. मी रडेनसुद्धा. पण हे असंच पाठवलंस आणि त्यांनी मला बसवलं, तर उद्या मी पुन्हा दाब म्हणेन आणि तू पुन्हा दाबशील. तेव्हा कावळा तीन मिनिटांवर नसेल, दारातच असेल. पूस ते.”

त्याने पुसलं. तिने सांगितलेलं शब्दाला शब्द लिहिलं, फक्त मोबाइलचं वाक्य तेवढं जास्त. मग तो थांबला नाही. खाली आणखी दोन-तीन ओळी लिहिल्या. ताईने मान कलती करून कळांचा आवाज ऐकला, पण त्याला अडवलं नाही.

“वाच.”

त्याने काचेवर बोट ठेवलं आणि एकेक शब्द वेगळा काढून वाचलं. पडदा न बघता ओळ वाचली, तेही वाचलं. मग खालच्या ओळी. “डिस्क वीस ते सेहेचाळीस आम्ही जागा बदलून केल्या. तिने टाइप केलं, मी बघून वाचलं. या सत्तावीस डिस्क आणि एकोणिसावीतल्या दोनशे बारा मुलांच्या नोंदी, सगळं जागच्या जागी. कोकिळेचा क्रमांक तिने पाठ सांगितला आणि माझी एक चूक कानाने पकडली. याच पद्धतीने आम्हा दोघांना पुढेही बसू द्यावं ही विनंती.”

“हे मी सांगितलं नव्हतं,” ताई म्हणाली.

“नव्हतंस.”

“खरं आहे सगळं?”

“सगळं.”

तिने चहाचा कप चाचपला, तो गार झाला होता. “माझी चौतिसावी चुकली होती. तेहेतीस टाकलं होतं.”

“तेही लिहितो,” बारक्या म्हणाला, आणि लिहिलं. चौतिसाव्या डिस्कला तिचा आकडा चुकला, तो एंटर दाबण्याआधी मी वाचताना सापडला. त्याने ती ओळही मोठ्याने वाचून दाखवली.

ताईने एकदा मान हलवली.

“मग राहू दे,” ती म्हणाली.